चाराच्या डोक्यावरचा आठ

१

गुरुवारी संध्याकाळी सव्वापाचला रंगाच्या कारखान्यातल्या तीन नंबरच्या टाकीत एक कामगार मेला. वय सव्वीस. कामाला लागून तीन आठवडे झाले होते. थोरला भाऊ तिथलाच मुकादम, म्हणून याला सगळे धाकटा म्हणायचे.

टाकी द्रावकाने धुतली की आत विषारी वाफ कोंडते. ती बाहेर निघेपर्यंत पंखा चालू ठेवायचा आणि मगच माणसाने खरवडायला उतरायचं, असा नियम. किती वेळ चालू ठेवायचा, ते टाकीच्या झाकणाशेजारी चिकटवलेल्या कागदावर लिहिलेलं असे. गुरुवारच्या कागदावर शेवटची ओळ अशी होती: ‘पंखा 4⁸ तास चालू ठेवावा, त्यानंतरच टाकीत उतरावे.’ पंखा पाऊण वाजता लागला. धाकट्याने चार तास मोजले, वर पंधरा मिनिटं जाऊ दिली आणि पाच वाजता शिडीवरून खाली गेला. दोराने ओढून वर काढला तेव्हा संपलेला होता.

मंजूर झालेल्या मूळ मसुद्यात त्या जागी 48 होतं. अठ्ठेचाळीस तास, म्हणजे दोन दिवस.

त्या कागदाला खाली सात टिपा होत्या आणि मजकुरात जागोजागी त्यांचे खुणेचे आकडे, डोक्यावर बसवलेले, बारीक. सातवी खूण संपली आणि पुढच्याच ओळीत हा आठ आला. वाचणाऱ्याला वाटणारच की चार तास, आणि आठवी टीप खाली पाहा. खाली आठवी टीप नव्हती, पण एवढं कोण बघतो? मी बघितलं असतं. मी एकेचाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली आहेत. माझा तो धंदाच होता आणि घरच्यांच्या मते रोगही.

कागद तयार करायचं काम माझ्या भाचीकडे होतं. ती कारखान्याची टंकलेखिका. कागद ऑनलाइन राहायचा आणि त्यात कुणी, कधी, काय फिरवलं याचा इतिहास तिथेच साठायचा. इतिहासात नोंद होती: गुरुवार, एक वाजून वीस मिनिटं, आठचा आकडा वर चढवला. नाव भाचीचं.

शनिवारी सकाळी माझी बहीण, म्हणजे तिची आई, माझ्या दारात आली. पायात दोन वेगवेगळ्या चपला होत्या. कंपनीने पोलिसांत लेखी दिलं होतं की टंकलेखिकेच्या निष्काळजीपणामुळे माणूस दगावला. सोमवारी सरकारी चौकशी अधिकारी बाई निष्कर्ष लिहिणार होत्या, आणि तो असाच लिहिला गेला तर पोरीला अटक होणार होती. पोरीच्या वतीने एका माणसाला कागदपत्रं पाहायची मुभा बाईंनी दिली होती. वकील मिळाला नव्हता. म्हणून मी.

बहिणीच्या घरी भाची खिडकीशी बसली होती. मी म्हटलं, तू नाही केलंस हे मला ठाऊक आहे.

“मामा,” ती म्हणाली, “दोन दिवस मी तेच आठवतेय. मला आता खात्री वाटत नाही. माझ्याच हातून झालं असेल तर?”

२

कारखान्याच्या कचेरीत चार टेबलं आणि काचेची एक खोली. खोलीत व्यवस्थापक बसे. टेबलं भाचीची, सुरक्षा अधिकाऱ्याची, मुकादमाची, आणि चौथं फाइलींचं. छपाईचं यंत्र एकच आणि ते भाचीच्या संगणकाला जोडलेलं. ज्याला काही छापायचं असेल त्याने तिच्या खुर्चीत बसून छापायचं, अशी वहिवाट. ती दुपारी एक ते दीड बायकांच्या खोलीत डबा खायला जाई आणि संगणक मुद्दाम उघडा ठेवून जाई, नाहीतर लोक तिला घास तोंडात असताना हाका मारत. म्हणजे तिच्या नावाने कुणीही काहीही करू शकत होतं. हे सगळ्या कचेरीला माहीत होतं, पण कंपनीच्या तक्रारीत त्याबद्दल चकार शब्द नव्हता. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची तर अशा गोष्टी लिहून चालत नाहीत.

दुसरी वहिवाट टाकीची. धुताना द्रावक उडून जुन्या कागदाची शाई विरघळून जाई. म्हणून दर धुण्यानंतर नवा कागद छापून लावावा लागे. गुरुवारचा कागद दीड वाजता लागला होता.

सुरक्षा अधिकाऱ्याला आधी गाठलं. पन्नाशीचा, घाबरट, सारखा चष्मा पुसणारा माणूस. त्याने सांगितलं की त्या कागदात एक अक्षर जरी बदललं तरी त्याच्या फोनवर निरोप येतो. गुरुवारी सकाळी भाचीने एक दूरध्वनी क्रमांक दुरुस्त केला, तो निरोप आला होता. दुपारी काही आलं नाही.

“आकडा वर चढवला तर?” मी विचारलं.

तो कसनुसा हसला. अक्षर तेच राहतं, फक्त दिसतं वेगळं, तेव्हा निरोप येत नाही. मागे भाचीने एक ओळ लाल केली होती तेव्हा हे लक्षात आलं आणि चहाच्या वेळी सगळे यावर हसलेही होते. सगळे म्हणजे कोण? व्यवस्थापक, मुकादम, भाची आणि तो स्वतः. गुरुवारी दुपारी एकनंतर भाचीच्या खुर्चीत बसून त्याने हजेरीचा तक्ता छापला होता, हेही त्याने न विचारताच सांगून टाकलं.

व्यवस्थापक तरुण होता. इस्त्री कडक आणि जीभ त्याहून कडक. मला तो आजोबा म्हणाला. माझे केस पांढरे आहेत हे मला माहीत आहे, पण त्याने सांगायची गरज नव्हती. शुक्रवारी सकाळी तीन नंबरच्या टाकीत नवा रंग पडायला हवा होता, हे त्याने कबूल केलं. मग टाकी दोन दिवस बंद राहणार हे आधी कळलं नव्हतं का? कळलं होतं, पण टाकीचं वेळापत्रक मुकादम बघतो, म्हणाला. एकच्या सुमाराला त्यानेही भाचीच्या संगणकावरून एक पत्र छापलं होतं. “मी उंटावरून शेळ्या हाकत नाही, आजोबा. पण टाकीवर जाऊन तास मोजणं माझं काम नाही.” मला तो माणूस गुन्हेगार म्हणून मनापासून पसंत पडला.

मुकादम टाकीपाशी भेटला. चाळिशीचा, रुंद खांद्यांचा, आणि डोळे रडून रडून कोरडे पडलेले. हा नवा कागद त्यानेच छापून लावला होता, ते सगळ्यांनी पाहिलं होतं आणि त्यानेही नाकारलं नाही. जसा होता तसा छापला, म्हणाला. तीन नंबरला किती तास लागतात हे तुम्हाला पाठ नव्हतं का, असं मी विचारलं. द्रावक तीन महिन्यांपूर्वी बदललं, आधी सहा तास होते, आकडे सारखे बदलतात, कागदावर असेल ते खरं, असं तो खाली बघत म्हणाला. भाऊ गमावलेल्या माणसाला यापुढे काय विचारणार? मी त्याच्या हातावर हात ठेवला आणि निघालो.

म्हणजे त्या अर्ध्या तासात तिघेही त्या खुर्चीत बसून गेले होते, आणि इतिहासात नाव चौथीचंच होतं.

३

रविवारी सकाळी कचेरी रिकामी होती. मूळ कागद गोठवलेला, पण त्याची हुबेहूब नक्कल चौकशीच्या बाईंनी मला उघडून दिली. बाई स्वतः बाजूला बसल्या होत्या, आणि कंपनीच्या वतीने व्यवस्थापक उभा होता. भाचीला मी माझ्या डाव्या हाताला बसवलं.

मी तिला विचारलं की टिपांचे आकडे तू डोक्यावर कसे चढवतेस. ती म्हणाली, मी चढवत नाही. विशेष चिन्हांच्या पेटीत लहान आकडे तयार मिळतात, तिथून एकेक उचलून ठेवते. बाईंनी विचारलं, एवढा खटाटोप कशाला? भाचीने सांगितलं की साधा आकडा निवडून कंट्रोल आणि पूर्णविराम दाबला की तो वर चढतो खरा, पण तोच मजकूर फोनवर पाठवला की खाली कोसळतो. पहिल्याच महिन्यात ‘6 तास’ला पहिल्या टिपेची खूण होती, ती निरोपात 61 तास होऊन गेली आणि कामगार तिला आठवडाभर चिडवत होते. तेव्हापासून तिने तयार चिन्हंच वापरली. ही खोड तिला माझ्यामुळे लागली होती. छापखान्यात डोक्यावरच्या आकड्याचा शिशाचा खिळाच वेगळा असायचा. तो एकदा बसला की कुणाच्या बापाच्याने हलत नसे, हे मी तिला लहानपणापासून ऐकवत आलोय.

“बाई,” मी म्हटलं, “आता सगळा कागद निवडा आणि सगळं फॉरमॅटिंग काढून टाका.”

बाईंनी तसं केलं. ठळक अक्षरं बारीक झाली, लाल ओळ काळी झाली. एक ते सात हे आकडे होते तिथेच, ओळीच्या डोक्यावर बसून राहिले. आठ तेवढा खाली आला आणि चाराच्या शेजारी उभा राहिला. पडद्यावर 48 तास असं स्वच्छ दिसत होतं.

भाची पडद्याकडे वाकली. तिने माझी बाही धरली आणि सोडलीच नाही. मला भरून आलं, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

व्यवस्थापकाने खांदे उडवले. सात वेळा एका पद्धतीने केलं आणि आठव्यांदा घाईत दुसरीने केलं, यात काय सिद्ध झालं? नोंद तिच्याच नावावर आहे. दुसरं कुणी केलं असेल तर तो कोण ते सांगा.

बाई माझ्याकडे बघू लागल्या. त्याचं बोलणं कायद्याला धरून होतं, त्यामुळे माझा संताप आणखीच वाढला. मी कागद पुन्हा पहिल्यासारखा करायला सांगितला, चष्म्याची काच पुसली आणि आठाच्या मागे कर्सर नेऊन ठेवला. लुकलुकणारी उभी रेघ लहान झाली, कारण वर चढवलेल्या अक्षरापाशी ती लहानच होते. मी बाणाची कळ एकदा दाबून आठ आणि ‘तास’ यांच्यामधल्या मोकळ्या जागेपलीकडे गेलो.

रेघ तिथेही लहानच होती.

४

हे वाचून कुणी म्हणेल, म्हातारा काय साप म्हणून भुई धोपटतोय. पण मुद्रितं तपासणाऱ्याला माणसं अशीच ओळखू येतात. आमच्याकडे खिळे जुळवणारा एक जुळारी होता, तो दर स्वल्पविरामाआधी चिमूटभर जागा सोडायचा. नाव न वाचता मी त्याचं पान ओळखत असे. इथे आठ वर चढवणाऱ्याने एकटा आठ निवडला नव्हता, त्याच्या मागची मोकळी जागाही निवडली होती. ‘तास’च्या कडेपासून माउस मागे ओढत आणला की असं होतं. मोकळी जागा वर चढली काय नि खाली राहिली काय, डोळ्याला दिसत नाही, म्हणून करणाऱ्याला पत्ता लागत नाही. हाताची सवय सगळीकडे तीच राहते.

मी बाईंना तिघांचे जुने कागद उघडायला सांगितले. ज्यांत डोक्यावरचा आकडा येऊ शकतो असे, आणि ज्याने त्याने स्वतः लिहिलेले.

सुरक्षा अधिकाऱ्याचे अकरा अहवाल निघाले. एकातही तसा आकडा नव्हता. तो बापडा सगळीकडे ‘चौरस मीटर’, ‘घनमीटर’ असं अक्षरांत लिहीत होता. त्याला चढवताच येत नसावं.

मग व्यवस्थापकाची पत्रं काढली. गोदामाच्या जागेबद्दलच्या पत्रांत m² सहा ठिकाणी होतं. मी पहिल्या दोनपाशी कर्सर नेला. देवाशपथ सांगतो, तोच असावा असं मला वाटत होतं. दोनाच्या मागे रेघ लहान होती. एक पाऊल पुढे टाकलं आणि ती पूर्ण उंचीची झाली. सहाही ठिकाणी तसंच. त्याने दरवेळी नेमका दोनच निवडला होता. इस्त्रीवाला माणूस, कामही इस्त्रीचं. तो माझ्या मागे उभा राहून सगळं बघत होता.

राहिली टाक्यांची नोंदवही. ती मुकादम लिही. कोणत्या टाकीत किती घनमीटर रंग पडला, त्याच्या दीडशेच्या वर ओळी, आणि दर ओळीत m³. भाची हळूच म्हणाली की ते तीन वर कसे चढवायचे हे त्याला तिनेच शिकवलं होतं, कंट्रोल आणि पूर्णविराम. तयार चिन्हांची पेटी त्याला किचकट वाटली होती.

पहिल्या ओळीत तीनाच्या मागे रेघ लहान. मोकळ्या जागेपलीकडे गेलो तरी लहान. दुसऱ्या ओळीत तेच, तिसऱ्या ओळीत तेच. विसाव्या ओळीला बाईंनी माझा हात थांबवला.

“पण तो त्याचा सख्खा भाऊ होता,” भाची म्हणाली.

बाईंनी दार उघडलं आणि पहारेकऱ्याला मुकादमाला बोलवायला पाठवलं.

५

त्याला सगळं समजावून सांगावं लागलं नाही. पडद्यावर त्याची नोंदवही दिसली आणि शेजारी तो कागद, तेव्हा तो खुर्चीत न बसता भिंतीला टेकून जमिनीवरच बसला. बाईंनी पाणी दिलं, ते त्याने बाजूला ठेवलं.

नवं द्रावक आल्यापासून टाकी तीन वेळा चार-पाच तासांत उघडली होती, त्याने सांगितलं. तिन्ही वेळा जुनी माणसं उतरली आणि काही झालं नाही, फक्त डोकं दुखलं. त्यांना कागद वाचायची सवय नव्हती, मुकादम म्हणाला उतरा की उतरत. धाकटा तसा नव्हता. ‘मला दोन दिवस ऐकल्यासारखं आठवतंय, कागद लावा, वाचतो, मगच उतरतो,’ असं धाकटा चारचौघांत म्हणाला. ही गोष्ट काचेच्या खोलीत पोहोचली. एक वाजता व्यवस्थापकाने मुकादमाला आत बोलावून सांगितलं की उद्या सकाळी टाकी तयार पाहिजे, आणि तुझ्या भावाला वाद घालायचा असेल तर त्याने तो गेटाबाहेर जाऊन घालावा.

व्यवस्थापकाने लगेच कानांवर हात ठेवले. असं आपण बोललोच नाही, म्हणाला. बाईंनी ते लिहून घेतलं आणि हेही लिहून घेतलं.

“त्याला याआधी दोन ठिकाणांहून काढलं होतं,” मुकादम म्हणाला. “तोंडाळ म्हणून. इथे मी शब्द टाकून लावला. मला वाटलं, आजचा दिवस निभावला की झालं. आठ पुसला असता तर सुरक्षा साहेबांच्या फोनवर निरोप गेला असता. वर चढवला तर कुणाला कळत नाही. संध्याकाळी परत खाली आणणार होतो.” तो जरा थांबला. “संध्याकाळी पोलिसांनी कचेरीला कुलूप लावलं.”

बाईंनी विचारलं की धाकट्याने तो कागद स्वतः वाचला का.

“दोनदा वाचला. आठवी टीप दिसत नाही म्हणाला. मी म्हटलं, छापायची राहिली असेल. मग माझ्याकडे बघून म्हणाला, दादा, चारच तास आहेत की, उगाच तुझ्याशी सगळ्यांदेखत भांडलो. राग धरू नकोस.” त्याने तळहाताने तोंड पुसलं. “मी म्हटलं, नाही धरत.”

मघापासून माझ्या बाहीला धरून बसलेली भाची उठली, त्याने बाजूला ठेवलेला पाण्याचा पेला उचलून त्याच्या हातात दिला आणि तो पिईपर्यंत तिथेच उभी राहिली. मला ते जमलं नसतं.

दुपारी बाईंनी निष्कर्ष लिहिला. टंकलेखिकेचा दोष नाही, असं त्यात पहिल्याच ओळीत होतं. मी ती ओळ तीनदा तपासली. एक प्रत बहिणीला दिली, ती तिने उशीखाली ठेवली. मुकादमाला पोलीस घेऊन गेले. व्यवस्थापकाची चौकशी होईल असं सांगतात. तो सोमवारी कामावर आला होता.

जाताना मुकादमाने माझ्यापाशी एकच मागणं केलं. घरी आई आहे, तिला पोलिसांच्या तोंडून कळू नये. मी गेलो. दोन खोल्यांचं घर, दारात धाकट्याचे बूट अजून तसेच. म्हातारीने मला स्टुलावर बसवलं, माझा श्वास लागलेला पाहून हाताने वारा घातला. मी सगळं सांगितलं, जेवढं साधं सांगता येईल तेवढं. माझं संपल्यावर तिने एवढंच विचारलं की कागदात खोट होती हे धाकट्याला कळलं कसं नाही, त्याला तर वाचायचा नाद होता.

मी म्हटलं, भावाने लावलेला कागद होता, ताई.

ती मान हलवत राहिली. मग म्हणाली, “बाप गेला तेव्हा हा चार वर्षांचा होता. शाळेत घालायला कोण होतं? याला सगळी अक्षरं थोरल्यानंच शिकवली, मांडीवर घेऊन.”